घरातला एक्स्टेन्शन बोर्ड : भोके पाच, तार एकच

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर मी आजवर लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडव्यातले पाचट यांवर लिहीत आलो. उसाच्या माणसाने विजेवर का लिहावे, असे कोणी विचारील, आणि ते बरोबरच आहे. माझे शिक्षण कृषी पदविकेचे, वायरमनचे नव्हे. पण गेल्या मे महिन्यात माझ्या स्वतःच्या घरी जो प्रकार घडला, त्यानंतर एका जाणत्या वीज कारागिराजवळ दोन दिवस बसून मी काही गोष्टी समजून घेतल्या. परत आल्यावर गटात फिरताना पाहतो, तर आमच्या घरी जळाला तसलाच बोर्ड घरोघर जमिनीवर पडलेला. कुठे दिवाणाखाली, कुठे देव्हाऱ्यामागे, कुठे खताच्या गोणीवर. म्हणून या अंकात उसाला थोडी विश्रांती.

केळव्याला काय घडले

मी मूळचा केळव्याचा. पालघर तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. आमच्याकडे ऊस नाही. नारळ-सुपारीच्या वाड्या, केळी, पानवेल, भाजीपाला यांवर गावाचे चालत आले. आता शीतलादेवीच्या दर्शनाला आणि समुद्रावर मुंबईकडची मंडळी सुट्टीत येतात. वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, त्यांचे जेवणखाण बघायचे, हा पुष्कळ घरांचा जोडधंदा झाला आहे. माझ्या धाकट्या भावानेही तो धरला.

आमचे घर जुने. मागच्या खोलीत आई झोपते. त्याच खोलीच्या भिंतीला एक मोठा प्लग आहे. पाहुण्यांचा चहा-नाश्ता वाढला, तशी त्या खोलीत एक इंडक्शन शेगडी आली, मग विजेची किटली आली, दुसरा फ्रिज आला. उन्हाळ्यात आईसाठी कूलर आला. प्लग मात्र एकच राहिला. तेव्हा आदल्या दिवाळीला मीच बाजारातून पाच भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊन दिला. "आता पाच पॉइंट झाले, अडचण मिटली," असे मीच भावाला म्हणालो होतो. हे मी लपवीत नाही.

मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीचे दिवस. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील, सुकट, जवळा डब्यांत भरून ठेवतात. आई चार दिवस सांगत होती, "अरे, खोलीत मासळीसारखा वास येतोय." वहिनीने सुकटीचे डबे पुन्हा बांधले, कपाट झाडले. वास जाईना. आता समुद्रकाठच्या घरात मासळीच्या वासाचे कोणाला काय वाटणार? तो वास डब्यातून येत नव्हता, बोर्डातून येत होता. प्लगच्या आणि सॉकेटच्या काही प्रकारच्या प्लॅस्टिकला प्रमाणाबाहेर ऊब लागली, की त्याला मासळीसारखा उग्र वास सुटतो. ही गोष्ट आम्हाला नंतर कळली.

पाचव्या दिवशी रात्री साडेनऊचा सुमार. पाहुण्यांची पंगत ओटीवर बसलेली. आई लवकर आडवी झालेली. इंडक्शनवर कालवण गरम होत होते, किटलीत पाणी उकळत होते, फ्रिज आणि कूलर चालूच होते. वहिनी वाढायला बाहेर आली आणि पाचेक मिनिटांत दाराच्या फटीतून धूर दिसला. बोर्ड आईच्या खाटेमागे कपाटाला टेकून पडलेला होता. आधी बोर्ड वितळला, मग पडदा पेटला, मग गोधडीचा कोपरा. भावाने आईला उचलून बाहेर आणले आणि पाण्याची बादली उचलली. तेवढ्यात शेजारचे काका ओरडले, "थांब! आधी मेन पाड!" हे काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वीज देखभालीच्या कामावरून निवृत्त झालेले. मेन स्विच बंद केला, मग ओल्या वाळूच्या नव्हे, वाडीतल्या कोरड्या वाळूच्या दोन घमेल्यांनी आग विझली.

कपाट गेले, भावाची तीन बोटे भाजली, आईला धुरामुळे दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. एवढ्यावर निभावले. दार ओढलेले असते आणि पाहुणे अर्धा तास उशिरा जेवायला बसते, तर हा लेख मी कसा लिहिला असता, सांगता येत नाही.

हिशेब कुठे चुकला

दुसऱ्या दिवशी काकांनी कागद-पेन्सिल मागितली. म्हणाले, "तुम्ही एकरी टनाचा हिशेब करता, मग याचा का नाही केला?" हिशेब चौथीच्या मुलाला यावा इतका सोपा आहे.

प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. घरी येणारी वीज २३० व्होल्टची धरतात. वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. अँपिअर म्हणजे तारेतून किती प्रवाह वाहतो त्याचे माप.

आमच्या बोर्डावर त्या रात्री हे होते :

इंडक्शन शेगडी – १५०० वॅट
किटली – १५०० वॅट
फ्रिज – २०० वॅट
कूलर – २०० वॅट
दोन मोबाइल चार्जर – ४० वॅट
एकूण – ३४४० वॅट

३४४० भागिले २३० म्हणजे जवळजवळ १५ अँपिअर.

आता बोर्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय लिहिले होते? ६ अँपिअर. म्हणजे ६ गुणिले २३०, फक्त १३८० वॅट. एकटी किटलीसुद्धा त्या बोर्डाला जड होती, आणि आम्ही त्याच्यावर अडीचपट ओझे घातले होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ओझे अडीचपट झाले म्हणून उष्णता अडीचपट होत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. अडीचपट प्रवाहाला सव्वासहापट उष्णता. तारेवरचे साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावे अशा बेताने केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, मग कडक होऊन तडकते, आणि आतल्या दोन तारा एकमेकींना भेटतात.

पाट आणि तार यांतला फरक

आपली फसगत का होते, तेही सांगतो. आपण शेतकरी माणसे विजेला पाण्यासारखे समजतो. एका पाटावर पाच वाफ्यांची दारे एकदम मोडली तर काय होते? प्रत्येक वाफ्याला पाणी कमी जाते. फार तर भिजायला वेळ लागतो. पाटाचे नुकसान होत नाही. पाट आपल्याला सांगतो, की बाबा, माझ्याकडे एवढेच आहे.

तार तसे सांगत नाही. पाच वस्तू लावल्या तर ती पाचही वस्तूंना हवा तेवढा प्रवाह पुरवते. शेगडी चांगली तापते, किटली वेळेवर उकळते, फ्रिज गार राहतो. सगळे झकास चालले आहे असे आपल्याला वाटते. आणि जे काही सोसायचे ते तार भिंतीमागे, खाटेखाली एकटी सोसत असते.

त्यापेक्षा बैलगाडीचा दाखला बरा. गाडीवर ऊस किती भरायचा हे दोर किती उंच बांधता येतो यावर ठरत नाही, आख किती सोसतो यावर ठरते. बोर्डावरची भोके म्हणजे दोर. मागची तार म्हणजे आख. पाच भोके आहेत म्हणून पाच वस्तू चालतील, असा त्याचा अर्थ नाही. पाचही भोकांचा मिळून भार एकाच तारेवर, एकाच पिनेवर येतो. बोर्डाला दुसरा बोर्ड जोडला तर भोके दहा होतात, आख मात्र तोच राहतो.

ढिली पिन, खारा वारा

भार जास्त नसतानाही बोर्ड जळतात. त्याचे कारण ढिली पिन. पिन सॉकेटमध्ये घट्ट बसली तर प्रवाह सहज जातो. सॉकेटची पितळी पट्टी सैल झाली, की पिनेचा स्पर्श टोकाटोकालाच होतो आणि तिथे अडथळा तयार होतो. समजा अडथळा अर्धा ओहम आहे आणि प्रवाह १० अँपिअर. हिशेब केला तर त्या एका टोकावर ५० वॅटची उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डाख देण्याचे अवजार साधारण २५ वॅटचे असते. म्हणजे अशी दोन अवजारे प्लगमध्ये तापवून ठेवल्यासारखे झाले.

केळव्याला यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर. पितळेवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, स्पर्श आणखी बिघडतो. आपल्याकडे खारा वारा नाही म्हणून निश्चिंत राहू नये. हंगामात उडणारी काजळी, रस्त्याची धूळ, पंपघरातला ओलावा, मुंग्या आणि पाली हे सगळे बोर्डात शिरते. उंदीर तर तारेचे आवरण पाचटासारखे कुरतडतो.

बोर्डातून चरचर आवाज येणे, पिन काढताना गरम लागणे, भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी होणे, दिवा मधूनच मिणमिणणे आणि कारण नसताना मासळीचा किंवा जळका वास येणे, या पाच खुणा लक्षात ठेवा. यांतली एक जरी दिसली तरी तो बोर्ड त्याच दिवशी बंद करावा. आमच्या आईने पाचवी खूण चार दिवस आधी ओळखली होती. ऐकणारे आम्ही कमी पडलो.

"आमच्याकडे एमसीबी आहे की!"

हे उत्तर मला गटात सगळ्यांत जास्त वेळा मिळाले. एमसीबी असणे चांगलेच. पण तो कोणाचे रक्षण करतो हे माहीत हवे. आमच्या केळव्याच्या घरी त्या प्लगसाठी १६ अँपिअरचा एमसीबी होता. तो भिंतीतल्या जाड तारेच्या बेताने बसवलेला. त्या तारेला १५ अँपिअर सहज पेलतात. त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीक होते. भिंतीबाहेरची बोर्डाची बारीक वायर ६ अँपिअरची आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय १६ चा एमसीबी १६ ओलांडताच पडतो असेही नाही. १८ अँपिअरपर्यंतचा भार तो तासभर चालू देऊ शकतो. आणि ढिल्या पिनेत तर प्रवाह वाढतच नाही, फक्त उष्णता वाढते. तिथे एमसीबी काय करणार?

दुसरे उपकरण असते ते गळती ओळखणारे. कोणी त्याला ईएलसीबी म्हणतात, कोणी आरसीसीबी. प्रवाह माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जाऊ लागला, की ते वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे बसवतात. शॉकपासून जीव वाचवायला यासारखे दुसरे साधन नाही. पण जादा भाराशी त्याचा संबंध नाही. तेव्हा दोन्ही हवीत, आणि दोन्ही असली तरी बोर्डाचा हिशेब आपणच करायचा.

ज्यांच्याकडे अजून जुना फ्यूज आहे त्यांना एकच सांगणे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात केबलमधली जाड तार पिळून घालण्याची आपल्याकडे खोड आहे. फ्यूज जातो म्हणजे तो आपले काम करतो. त्याच्या जागी जाड तार घालणे म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधणे.

घर जुने, भार नवा

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज मिळू लागली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र, आणि केळवे त्याच पालघर तालुक्यात. पण वीज जवळ तयार होते म्हणून घरातली तार जाड होत नाही. आमच्या घराचे वायरिंग लाकडी पट्टीवर ठोकलेले. ते केले तेव्हा घरात तीन दिवे, एक पंखा आणि रेडिओ होता. आपल्या गटातही वीज मंडळाच्या काळात, म्हणजे २००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या होण्यापूर्वी, वायरिंग झालेली घरे पुष्कळ आहेत. त्या तारा त्या काळच्या भाराला पुरेशा होत्या. आज त्यांच्यावर फ्रिज, मिक्सर, गीझर, इस्त्री, शेगडी आणि चार मोबाइल आले. उसाचे वाण बदलले तेव्हा आपण खताचे हप्ते बदलले. घरातली वस्तू बदलली तेव्हा तार बदलली का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. तो वाचा. घरातल्या वस्तूंच्या वॅटची बेरीज त्याच्या शेजारी मांडून पाहा. भार फारच वाढला असेल तर रीतसर अर्ज करून तो वाढवून घ्यावा आणि परवानाधारक माणसाकडून वायरिंग तपासून घ्यावे.

मोठ्या जागीही हेच

हे फक्त अडाण्यांच्या घरी होते, असा समज नको. आमच्याच पालघर जिल्ह्यात विरारला २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. कोरोनाचे १३ रुग्ण त्या पहाटे दगावले. वातानुकूलन यंत्रापासून आग सुरू झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ९ जानेवारी २०२२ रोजी एका इमारतीत थंडीसाठी लावलेल्या विजेच्या हीटरमध्ये बिघाड होऊन आग लागली. १७ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. बहुतेकांना ज्वाळेने नव्हे, धुराने गाठले. जागा मोठी असो वा लहान, सुरुवात एका तापलेल्या ठिकाणी होते आणि माणूस आगीआधी धुराने गुदमरतो. झोपलेल्या माणसाला तर ते कळतही नाही. म्हणूनच झोपण्याच्या खोलीत भारी वस्तूचा बोर्ड नसावा.

कोपीतला बोर्ड

आता ज्या कारणासाठी हा लेख मी हंगामाच्या तोंडावर लिहिला, ते सांगतो.

टोळ्या येऊ लागतील. बीड, जालना, धाराशिवकडची माणसे बायका-मुलांसह आपल्या बांधावर, गावाच्या कडेला कोप्या घालतील. कोपी कशाची? वाळलेल्या पाचटाची. शेजारीच चूल. अंधारात विंचू-किरडाचे भय, म्हणून आपण माणुसकीने पंपघरातून किंवा घरातून एक वायर ओढून देतो आणि तिच्या टोकाला एक बोर्ड. मग त्यावर दिवा, त्यावर चार जणांचे मोबाइल, थंडीत कोणीतरी आणलेला पाणी तापवण्याचा रॉड. वायरला दोन ठिकाणी जोड, त्यावर पिशवीचे प्लॅस्टिक गुंडाळलेले. तिच्यावरून टायरगाडी जाते, ट्रॅक्टरची ट्रॉली जाते. बोर्ड पाचटाच्या भिंतीत खोचलेला.

बंधूंनो, पाचट कसे पेटते ते तुम्हाला मी सांगायला नको. विजेच्या तारांची ठिणगी पडून उभा फड कसा जातो हे आपण पाहिले आहे. जळीत उसाला कपात लागते, तरी तो कारखाना गाळून घेतो. कोपीत निजलेल्या लेकराची भरपाई कोणत्या खात्यातून करणार? दिलेला उजेड हे उपकाराचे काम आहे. तो उजेड नीट द्यावा एवढेच म्हणणे.

शक्य असेल तर कोपीत सौर कंदील द्यावा. वायर द्यायचीच तर कोपीच्या बाहेर खांब रोवून त्यावर उंच एक ९ वॅटचा एलईडी दिवा द्यावा, आणि ती वायर अखंड, जोड नसलेली, चाकाखाली न येणारी असावी. सुरुवातीला एमसीबी आणि गळती तोडणारे उपकरण बसवावे. बोर्ड कोपीत देऊच नये. मोबाइल चार्ज करायची सोय आपल्या पडवीत करावी. रॉड कोपीत कधीही नको. मुकादमाला हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. आमचे शेतकी मदतनीस आणि स्लिपबॉय तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, त्यांनाही मी कोपीतली वायर पाहण्यास सांगितले आहे. ते बोलले तर राग मानू नये.

घरी करावयाच्या गोष्टी

१) बोर्ड उलटा करून त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचा. ६ असेल तर एकूण १३८० वॅट, १६ असेल तर ३६८० वॅट. जुन्या मालावर ५ आणि १५ असे आकडे असतात. आकडाच नसेल तर तो बोर्ड घरात ठेवू नये.

२) साधारण अंदाज असा ठेवा : एलईडी दिवा ९ वॅट, पंखा ७५, टीव्ही १००, फ्रिज २००, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, पाण्याचा रॉड १५००, इंडक्शन १५०० ते २०००, गीझर २००० ते ३०००. नेमका आकडा वस्तूच्या पाटीवर पाहावा.

३) जी वस्तू तापवते ती बोर्डावर लावू नये. रॉड, किटली, शेगडी, गीझर, इस्त्री यांना भिंतीतला स्वतंत्र प्लग. फ्रिज आणि एसी यांनाही तसेच. बोर्ड हा चार्जर, टीव्ही, टेबलावरचा दिवा असल्या हलक्या वस्तूंसाठी आणि तोही तात्पुरता.

४) बोर्डाला बोर्ड जोडू नये. मोठी पिन लहान भोकात बसवणारा कन्व्हर्टर वापरू नये. पिन मोठी केली आहे ती भार मोठा आहे हे सांगण्यासाठीच.

५) वायरचे वेटोळे तसेच ठेवून भारी वस्तू चालवू नये. वेटोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही. गादीखाली, गालिच्याखाली, पडद्यामागे बोर्ड नको. भिंतीला, लहान मुलांच्या हाताबाहेर टांगावा.

६) विकत घेताना आयएसआय खूण पाहावी. पिनेला लोहचुंबक लावून पाहावे. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर पिन लोखंडी समजावी आणि तो माल परत ठेवावा.

७) तिसरी पिन तोडून दोन पिनांवर काम भागवू नये. तिसरी पिन अर्थिंगची. उघड्या तारा काडीने भोकात खोचणे हा तर सरळ मृत्यूशी खेळ.

८) बोर्ड अर्धा तास चालवल्यावर स्विच बंद करून पिन काढा आणि हात लावून पाहा. हाताला चटका लागला तर हिशेब चुकला आहे.

९) भारी वस्तूसाठी नवा प्लग घ्यायचा तर १६ अँपिअरला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, गीझर-एसीला चारची, आणि प्रत्येकाला वेगळा एमसीबी. काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.

आग लागलीच तर

पहिले काम मेन स्विच बंद करणे. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांना आणि शाळकरी मुलांनासुद्धा, माहीत असावे. वीज चालू असताना पाणी मारू नये. पाण्यातून प्रवाह आपल्यापर्यंत येतो. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक वापरावे. आग वाढत असेल तर सामान वाचवत बसू नये, माणसे बाहेर काढावीत आणि ११२ ला फोन करावा. धूर असेल तर वाकून बाहेर पडावे. शॉक लागलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी वीज तोडावी, ते जमत नसेल तर पूर्ण कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे आणि १०८ ची गाडी बोलवावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, पेस्ट, शाई लावू नये.

शेवटी

केळव्याच्या मागच्या खोलीत आता शेगडी आणि किटली यांना वेगळी जाड तार, वेगळे प्लग झाले. फ्रिज ओटीवर आला. खर्च किती झाला म्हणाल, तर मे महिन्यात पाहुण्यांच्या दोन रात्रींचे भाडे गेले. जळलेला बोर्ड भावाने टाकला नाही. तो त्याने मेन स्विचशेजारी खिळ्याला टांगून ठेवला आहे. पाहुणे विचारतात तेव्हा आईच सांगते. मला मात्र ती एवढेच म्हणाली, "तू शिकलेला, तू आणून दिलास, म्हणून आम्ही भरवशाने वापरला."

या वाक्यानेच हा लेख लिहून घेतला. घरात आपण शिकलेले, आपण कर्ते. आपण आणलेली वस्तू घरचे भरवशाने वापरतात. तेव्हा हा अंक वाचून झाला की बाजूला ठेवा, घरातले सगळे बोर्ड गोळा करा आणि एका कागदावर बेरीज मांडा. मुलांना सोबत घ्या, त्यांना भागाकार आपल्यापेक्षा बरा येतो. ज्याची बेरीज जास्त निघेल त्याने लाजू नये. माझीही निघाली होती.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट कुजवण्याविषयी.

आपला,
ऊस विकास अधिकारी